तीनशे अठ्ठ्याण्णव

एक्कावन्न वर्षांच्या बाईला कुणी ‘छोटी’ म्हणतं का? हिला म्हणायचे. भावंडांतलं शेंडेफळ, म्हणून आईने छोटी म्हटलं, आईचं ऐकून दादा म्हणायला लागला, लग्न होऊन आलेल्या वहिनीनेही तेच उचललं, आणि पुतणे बोलायला लागले तशी ती ‘छोटी आत्या’ झाली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पुतणे नोकऱ्यांपायी लांब गेले, तरी छोटी ती छोटीच. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला ‘स्टेनोबाई’ म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं होतं.

कचेरीत अठ्ठावीस वर्षं तिने एकच काम केलं. साहेब सांगायचे, ती लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि टाइप करून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा साहेबासमोर वही-पेन्सिल घेऊन बसून बघा, म्हणजे कळेल. साहेब लोकांची वाक्यं पूर्वेला निघतात आणि पश्चिमेला पोचतात. ‘मंगळवारच्या पत्राला अनुसरून’ म्हणतात आणि पत्र असतं गुरुवारचं. बारा टाक्या आणि नऊ टाक्या मिळून बावीस होतात. छोटी काही बोलायची नाही. मंगळवारचा गुरुवार करायची, बावीसच्या एकवीस करायची, लोंबकळणारं वाक्य नीट पायावर उभं करायची आणि कागद सहीला ठेवायची. साहेब वाचायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. “काय मुद्देसूद लिहिलंय बघा मी!” असे पाच साहेब आले नि गेले, आणि पाचही जण जाताना मुद्देसूद होऊन गेले.

तिला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. चूक करणाऱ्याला पत्ताही लागू न देता चूक दुरुस्त करायची, ही तिची करामत. सुरुवातीला ती थांबून विचार करायची. नंतर नंतर हात आपोआप चालायला लागला. कानाने बावीस ऐकावं आणि बोटांनी एकवीस लिहावं, मधे डोक्याला त्रास म्हणून नाही.

कचेरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा जुन्या माणसांचे सत्कार ठरले. त्यांत छोटीही होती. आणि आता गंमत ऐका. तिच्या सत्काराचं भाषण साहेबांनी तिलाच सांगितलं! “लिहा,” म्हणाले, “आपल्या स्टेनोबाई गेली पंचवीस वर्षं…” तिने अठ्ठावीस लिहिलं. “अतिशय… अतिशय…” म्हणत साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे गाडी हलेना. शेवटी “तुम्हीच बघा काय ते” म्हणून ते जेवायला गेले. छोटीने बघितलं. ‘यांच्या शांत हातांमुळे आपल्या कचेरीचं म्हणणं बाहेर नीट ऐकू जातं’ असं एक वाक्य तिने आपल्या मनचं घातलं. कार्यक्रमात नेमक्या त्याच वाक्याला टाळ्या पडल्या, आणि साहेबांनी मान झुकवून त्या स्वीकारल्या.

घरी येऊन ती पलंगावर बसली, भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन, आणि एकाएकी तिला रडू फुटलं. वहिनीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. ती वॉकर टेकत टेकत दारात आली.

“काय गं? घड्याळ आवडलं नाही का?”

“वहिनी, उद्या मी मेले तर लोक माझ्याबद्दल काय म्हणतील गं? टाइप छान करायची?”

“तेवढं तरी म्हणतील बाई. माझ्याबद्दल काय म्हणतील, गुडघे छान दुखायचे?”

बाहेरून दादाने विचारलं, “काय चाललंय तुमचं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “तुमच्या बहिणीला जगायचंय.”

वहिनी चेष्टेत म्हणाली, पण छोटीच्या ते जिव्हारी लागलं. कारण तसंच होतं. काहीतरी आपलं म्हणून करावं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं, आणि ते कुणा साहेबाच्या सहीखाली जाऊ नये, असं तिला फार वाटायला लागलं. काय करावं ते मात्र ठाऊक नव्हतं.

महिन्याभराने कचेरीच्या फळ्यावर एक कागद लागला. गावातल्या अंधशाळेला लेखनिक हवे होते. ज्यांना दिसत नाही अशा परीक्षार्थींच्या शेजारी बसायचं, प्रश्न वाचून दाखवायचा आणि ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहायचं. खाली लिहिलं होतं, ‘अक्षर स्वच्छ असावं. ऐकलेलं जसंच्या तसं लिहिता यावं.’ छोटीला वाटलं, हा कागद आपलं वर्णन वाचूनच कुणीतरी लावलाय.

तरी त्यावरून उतरवलेला पत्ता तीन आठवडे नुसता पर्समध्ये फिरला. कारण सराव असायचा शनिवारी दुपारी, आणि शनिवारची दुपार वहिनीची. शनिवारच का, आठवड्यातली प्रत्येक दुपार, सकाळ, संध्याकाळ कुणाची ना कुणाची होतीच. ‘छोटी, जरा बघ गं’ एवढं ऐकू आलं की ती उठायची. घरात कुणी तिला छळत नव्हतं हो, तसं मुळीच समजू नका. तिने कधी नाही म्हटलं नव्हतं आणि त्यामुळे कुणी कधी विचारलं नव्हतं. तेव्हा ‘नाही’ म्हणायचा तिला सराव नव्हता. तिने तो न्हाणीघरात नळ सोडून केला. मग एका रात्री जेवताना एका दमात सगळं बोलून टाकलं.

दादाचा घास हातातच राहिला. “शनिवारी? आणि हिचं कोण बघणार?”

“तू.”

“मी?”

“गोळी पांढरी आहे. डबीवर तीन लिहिलंय. तीन वाजले की द्यायची. चाळीस वर्षं नोकरी केलीस ना दादा, एवढं जमेल तुला.”

“या वयात हे काय खूळ?”

“जाऊ द्या हो तिला,” वहिनी म्हणाली. “गोळी माझी मी घेईन. तुम्ही नुसतं घड्याळाकडे बघा, ते तुम्हाला चांगलं येतं.”

दादा दोन दिवस फुगून बसला, पण अडवलं नाही. पहिल्या शनिवारी त्याने गोळी दोन वाजता दिली, दुसऱ्या शनिवारी साडेचारला, आणि तिसऱ्या शनिवारपासून तो पावणेतीनलाच पाण्याचा पेला घेऊन उभा राहायला लागला.

अंधशाळेच्या मुख्याध्यापिका कमी बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “आमचा नियम एकच. परीक्षार्थी सांगेल ते तुम्ही लिहायचं. चूक सांगितली तर चूक लिहायची. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. जमेल?”

छोटी हसली. “अठ्ठावीस वर्षं तेच तर करतेय.”

आणि तिला ते खरंच तसं वाटत होतं, याचंच मला वाईट वाटतं.

तिच्या वाट्याला आली खुर्चीवाली. म्हणजे शाळेत सगळे तिला तसंच म्हणायचे. वय चौतीस. नवव्या वर्षी तापात डोळे गेलेले. वेताच्या खुर्च्या विणून देणाऱ्या एका दुकानात ती चौदा वर्षं कामाला होती. बोटांच्या टोकांवर बारीक चिरा, जिभेला भरपूर धार. पहिल्याच दिवशी छोटीला म्हणाली, “बाई, तुम्ही मान डोलावताय वाटतं. मला ऐकू येईल असं काहीतरी डोलवा.”

हिला शिक्षिका व्हायचं होतं. याच शाळेत, अगदी लहान मुलांच्या वर्गावर. मुख्याध्यापिकांनी जागा धरून ठेवली होती. पण त्यासाठी एक सरकारी परीक्षा पास व्हायला हवी होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं. एका वर्षी लेखनिक अर्धा तास उशिरा उगवला, दुसऱ्या वर्षी हिलाच ताप होता. पस्तिशी पुरी झाली की परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. तेव्हा ही शेवटची खेप. यंदा सुटलं तर वर्ग, नाहीतर जन्मभर वेत.

“वेत वाईट नाही हो,” ती म्हणायची. “पण खुर्ची मला प्रश्न विचारत नाही. पोरं विचारतात.”

शाळेत आली की लहान पोरं तिच्या अंगाला झोंबायची. एकदा तिने एका मुलीच्या हातात पाच बिया ठेवल्या, दोन काढून घेतल्या आणि विचारलं, किती? मुलगी म्हणाली, चार. खुर्चीवाली काही बोलली नाही. थांबली. खूप वेळ थांबली. छोटीचा जीव खालीवर व्हायला लागला, ‘तीन, तीन’ असं तिच्या ओठांवर आलं. मग मुलीने स्वतःच बिया चाचपल्या आणि ओरडली, “तीन!” काय आनंद झाला त्या पोरीला! छोटीला वाटलं, या बाईला वर्ग मिळालाच पाहिजे. काही झालं तरी मिळालाच पाहिजे.

चार महिने दर शनिवारी दोघी रिकाम्या वर्गात बसायच्या. छोटी उदाहरण वाचायची, खुर्चीवाली तोंडी सोडवायची. वेळ वाचावा म्हणून लिहायचं त्या टाळायच्याच. मुख्याध्यापिका दोनदा म्हणाल्या, एकदा पूर्ण पेपर लिहून बघा. छोटी म्हणाली, “लिहिण्याची काळजी तुम्ही करूच नका.” तेवढीच तर तिला खात्री होती आयुष्यात.

एका शनिवारी खुर्चीवालीने तिला सांगितलं होतं. दुकानात लागली तेव्हा पहिलं वर्षभर मालक तिच्या खुर्च्यांची फार तारीफ करायचा. ती घरी जाऊन आईला सांगायची. मग एक दिवस तिने आपणच विणलेली एक खुर्ची सकाळी चाचपली, तर गाठी तिच्या नव्हत्या. ती गेल्यावर दुसरा कारागीर तिची वीण उसवून पुन्हा घालत होता. वर्षभर. मालक भला माणूस, तिचं मन मोडू नये म्हणून करायचा.

“मग?” छोटीने विचारलं.

“मग काय, मी दहा दिवस रडले. आणि अकराव्या दिवशी मालकाला म्हटलं, वाईट असेल तर तोंडावर फेका, पण माझ्या पाठीमागे माझ्या कामाला हात लावायचा नाही. त्यानंतर शिकले मी खरी विणायला.”

“चांगलं केलंत,” छोटी म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं. कधीकधी गोष्ट पटते आणि आपल्याला उद्देशून आहे हे कळत मात्र नाही.

ते चार महिने छोटी सुखात होती. कचेरीत टाइप करताना गुणगुणायची. वहिनी म्हणाली, “हल्ली तू भांडीसुद्धा आपटत नाहीस. मला चुकल्यासारखं होतं.”

परीक्षेच्या दिवशी त्यांना इतरांपासून वेगळी एक लहानशी खोली दिली होती. गुंडाळलेले नकाशे, मोडके बाक, आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला पर्यवेक्षक. त्याने पेपर दिला, नियम वाचून दाखवले आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. छोटी प्रश्न वाचत गेली, खुर्चीवाली हळू आवाजात सांगत गेली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सरळ झाला. सहाव्या प्रश्नाला ती हसली. सभागृहात सतरा रांगा, प्रत्येक रांगेत चोवीस खुर्च्या, त्यातल्या एकोणतीस मोडक्या, तर बसण्याजोग्या किती? चार गुण.

“मोडक्या माझ्याकडे पाठवा म्हणावं,” ती पुटपुटली आणि भराभर सांगायला लागली. “सतरा विसे तीनशे चाळीस. सतरा चोक अडुसष्ट. दोन्ही मिळून तीनशे अठ्ठ्याण्णव. त्यातून एकोणतीस गेले, तीनशे एकोणसत्तर. पुढचा वाचा.”

छोटीने लिहिलं. पुढचा वाचला.

पेपर संपला तेव्हा पंचवीस मिनिटं उरली होती. खुर्चीवाली म्हणाली, आता सगळं पहिल्यापासून वाचा. ती डोळे मिटून, बोटं टेबलावर ठेवून ऐकत होती आणि प्रत्येक बेरीज मनात पुन्हा करत होती. दुसऱ्या प्रश्नात तिने थांबवलं. “थांबा. बावन्न नाही, बासष्ट. माझंच चुकलं. बदला.” चौथ्यात पुन्हा. “इथे भागायचं होतं, मी गुणलं. बदला.” दोन चुका तिने आपल्या आपण पकडल्या आणि तिचा चेहरा खुलला. छोटीही खूश झाली.

मग सहावा आला. छोटीने वाचलं, “तीनशे चाळीस अधिक अडुसष्ट, चारशे आठ. वजा एकोणतीस, तीनशे एकोणऐंशी.”

टेबलावरची बोटं थांबली.

“काय म्हणालात?”

“चारशे आठ.”

“मी तीनशे अठ्ठ्याण्णव म्हटलं होतं.”

छोटीने कागदाकडे बघितलं. स्वच्छ, सुबक अक्षरात चारशे आठ लिहिलेलं होतं. खाडाखोड नाही, काही नाही. तिला आठवेना, हे आपण कधी केलं. शपथेवर सांगते, तिला खरंच आठवेना. कानांनी एक ऐकलं होतं आणि हाताने अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने दुसरं लिहून टाकलं होतं, आणि पुढची वजाबाकीही गुपचूप नीट करून ठेवली होती.

“अहो पण,” ती कुजबुजली, “बरोबर तेच आहे. चारशे आठच येतात. करून बघा ना मनात.”

“केलं. येतात.”

“मग राहू दे की. तुम्हाला आता कळलंय ना? आत्ता तुम्हीच सांगा, मी लिहिते.”

“मला कळलं ते तुमच्याकडून. माझं मला नाही कळलं.” खुर्चीवालीचा आवाज अगदी बारीक झाला होता. “खोडा ते. मी सांगितलं होतं ते लिहा.”

“तुमच्या पाया पडते. शेवटची खेप आहे ही. चार मार्क आहेत. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“उद्या त्या पोरांसमोर मी काय म्हणून उभी राहू? खोडा, बाई.”

पर्यवेक्षकाने मान वळवली. “काय, काही अडचण आहे का?”

त्या घटकेला खुर्चीवालीने एक शब्द जरी सांगितला असता तर छोटीला बाहेर काढलं असतं आणि पेपर रद्द झाला असता. ती म्हणाली, “नाही सर. एका ठिकाणी माझंच खोडायचं राहिलंय.”

छोटीने चारशे आठवर रेघ मारली. वर तीनशे अठ्ठ्याण्णव लिहिलं, खाली तीनशे एकोणसत्तर. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं अक्षर वाकडं आलं.

निकालाला दोन महिने लागले. कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घरात काही सांगितलं नाही. दादा विचारायचा, “पेपर कसा गेला गं तुझ्या बाईंना?” आणि ती म्हणायची, बरा गेला. मनात सारखं चालायचं, बाकीच्या प्रश्नांवर सुटेल ती, सुटेलच. आणि त्याच्या खाली आणखी एक चालायचं, जे ती स्वतःलाही मोठ्याने ऐकू द्यायची नाही. मी तर दिलं होतं. चुकून का होईना, तिच्या पदरात टाकलं होतं. तिनेच हट्टाने फेकलं. नापास झाली तर माझा एकटीचा काय दोष?

एका दुपारी कचेरीत निरोप आला. पाकीट आलंय, वाचायला या. छोटी अर्धी रजा टाकून निघाली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. कोपऱ्यात पाण्याच्या टबात भिजत घातलेला वेत, भिंतीला लावून ठेवलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या. मालक माल पोचवायला बाहेर गेला होता. खुर्चीवाली जमिनीवर बसून विणत होती. हात ओले होते, म्हणून तिने कोपरानेच स्टुलावरचं पाकीट दाखवलं. ते अजून फोडलेलं नव्हतं. सकाळी आलं होतं आणि मालकाने वाचू का विचारलं तेव्हा ती नको म्हणाली होती.

“वाचा. आहे तसं वाचा.”

छोटीने पाकीट फोडलं. “विषय गणित. एकूण गुण शंभर. उत्तीर्ण होण्यासाठी चाळीस. मिळालेले…” पुढचा आकडा तिने बोट ठेवून पुन्हा बघितला. “अडतीस.”

“पुन्हा वाचा.”

“अडतीस.”

खुर्चीवालीने वेताचं टोक भोकातून ओढलं, ताणलं, आणि मग तिचे हात तसेच थांबले.

“तो खुर्च्यांचा चार मार्कांचा होता ना?”

“हो.”

“मला वाटलं होतं, असं झालं तरी मी मान ताठ ठेवीन. आपण खोटं नाही केलं, या विचाराने बरं वाटेल. नाही वाटत हो बाई. काही म्हणजे काही बरं वाटत नाही.” आणि ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, तोंड न झाकता.

छोटी तिच्यासमोर जमिनीवर बसली. “मला माफ करा. माझ्या हाताने घात केला. पण तेव्हा ते चारशे आठ तसंच राहू दिलं असतंत तर आज…”

“गप्प बसा!” खुर्चीवाली एकदम ओरडली. “अजून कळलं नाही तुम्हाला? तुम्ही तीनशे अठ्ठ्याण्णव लिहिलं असतंत ना, तर वाचताना ते माझ्या कानाला खटकलं असतं. त्याआधीच्या दोन चुका नाही का सापडल्या? तिसरीही सापडली असती. माझी मला. मीच म्हटलं असतं, बदला, चारशे आठ. आणि ते माझं असतं. पास झाले असते मी, बाई. तुम्ही मला माझी चूकच ऐकू दिली नाहीत.”

छोटीने निकालाचा कागद स्टुलावर ठेवला. दोन महिने मनाशी धरलेली ती एक पळवाट होती, तीही गेली. तिने काही दिलं नव्हतं. घेतलं होतं. आणि ते आता कुठल्याही माफीने परत करता येण्यासारखं नव्हतं. किती लोकांचं असं घेतलं असेल आपण, तिला वाटलं, त्यांना पत्ताही लागू न देता.

मग ती म्हणाली, “मी आता कुणासाठी लिहिणार नाही. नाव काढून टाकायला सांगते शाळेत.”

“वा!” खुर्चीवालीने दंडाने नाक पुसलं. “माझं वय गेलं, वर्ग गेला, तेव्हा कुठे तुम्हाला एक गोष्ट कळली. आणि ती घेऊन आता घरी बसणार? मग मी नापास कशासाठी झाले?”

छोटी पुढेही लिहीत राहिली. शनिवार सोडले नाहीत. घरी तिने सगळं खरं सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदाच काही टोमणा न मारता ऐकत राहिला. त्यानंतर तिने अकरा जणांचे पेपर लिहिले. समोरचा चुकीचं सांगायचा तेव्हा तिचं पेन अडायचं, डावा हात मांडीवर घट्ट मिटायचा, आणि ती चुकीचं लिहायची. वाचून दाखवताना त्याच जागी ती आवाज मुद्दाम सपाट ठेवायची. कधी समोरच्याला चूक सापडायची, कधी नाही. नाही सापडली की ती तशीच उत्तरपत्रिका देऊन घरी यायची आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. हे सोपं कधीच झालं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी ती नुसती बसून राहिली. पुन्हा अर्ज करून बघू, कुणाला तरी भेटू, नियमात काही वाट निघेल, असं दहा वेळा तिच्या तोंडाशी आलं आणि दहाही वेळा तिने गिळलं. खुर्चीवालीने हात कोरडे केले आणि निकालाचा कागद मागून घेतला. त्यावरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. छापील कागद होता, तिच्या बोटांना कळेल असं त्यावर काही नव्हतं. तिने त्याची घडी केली, खिशात ठेवली आणि अर्धी विणलेली खुर्ची पुढे ओढली. ती तिला संध्याकाळपर्यंत पुरी करून द्यायची होती.